भौतिकोपचार आणि रोग्याची पहिली तपासणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या या वार्षिक मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, ज्येष्ठांचे सत्कार झाले आणि यापुढे भोजनाचा कार्यक्रम आहे. अशा वेळी वक्त्याने पाल्हाळ लावू नये, एवढे तारतम्य आम्हांस आहे. यास्तव आमच्या व्यवसायाचा विषय विस्तृत असला तरी त्याचे एकच अंग आज आपल्यापुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे. रोगी प्रथम आमच्याकडे येतो तेव्हा त्याची तपासणी आम्ही कशी करतो, आणि त्या तपासणीत घरच्या माणसांनी काय करावे व काय करू नये, एवढाच तो विषय होय.

भौतिकोपचार म्हणजे ज्यास आपण सर्वजण फिजिओथेरपी म्हणतो. हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शेक देणारे यंत्र, मालिश, नाही तर वजने लावलेली दोरी उभी राहते. पहिल्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी होऊन रोगी घरी परतला की घरात पहिला प्रश्न येतो, "मशीन लावले का?" आणि "नाही, नुसते प्रश्न विचारले, हातपाय हलवून पाहिले," असे उत्तर मिळाले की पैसे फुकट गेल्यासारखे वाटते. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. यंत्र कोठे लावावयाचे, किती लावावयाचे आणि मुळात लावावयाचे की नाही, हे ज्या तपासणीवरून ठरते ती तपासणी हाच उपचाराचा पाया होय. आणि त्या तपासणीतील सर्वांत मोलाचे साधन कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही सांगू, की रोग्याचे स्वतःचे बोलणे. दुर्दैवाने आपल्या घरांतून हेच साधन आम्हांस पुष्कळदा मिळत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर बोलू.

आपल्याकडे या शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या निमित्ताने. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. लुळ्या पायात कोणत्या स्नायूत किती जीव उरला आहे, हे एकेक स्नायू तपासून लिहून ठेवावे लागे. त्यासाठी ० ते ५ अशी गुणपद्धती आहे. १९४३ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती प्रसिद्ध केली आणि आम्ही ती आजही वापरतो. स्नायूत काहीच हालचाल नसेल तर ०. नुसती स्फुरणे जाणवली तर १. अवयवाचा भार काढून घेतल्यावर तो हलला तर २. स्वतःचा भार पेलून उचलला गेला तर ३. आमच्या हाताचा थोडा विरोध सोसून उचलला गेला तर ४. आणि पूर्ण शक्ती असेल तर ५. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आता आमच्याकडे येतात ते गुडघे, कंबर, मान व खांदा यांची दुखणी असलेले, पक्षाघातातून उठलेले आणि हाडांची शस्त्रक्रिया झालेले रोगी. रोगी बदलले, परंतु आधी मोजावे, लिहून ठेवावे आणि मग हात घालावा, ही शिस्त तीच राहिली आहे.

आता तपासणीचा क्रम पाहू. प्रथम विचारपूस. दुखते कोठे, हे रोग्याने शब्दांनी न सांगता बोटाने दाखवावे, असा आमचा आग्रह असतो. कारण "कंबर दुखते" म्हणणारा एक मनुष्य मणक्यावर बोट ठेवतो, दुसरा कुल्ल्यावर आणि तिसरा पोटरीपर्यंत रेघ ओढतो. या तीन निराळ्या व्याधी असू शकतात. दुखणे केव्हा वाढते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात. ते दहापंधरा मिनिटांत सुटतात, की अर्धा-पाऊण तास तसेच राहतात? दहापंधरा मिनिटांत सुटत असतील तर बहुधा ती सांध्यांची झीज असते. दीर्घकाळ आखडलेले राहत असतील तर सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताची शंका घेऊन रोग्यास त्या विषयाच्या डॉक्टरांकडे पाठवावे लागते. एका प्रश्नाच्या उत्तराने वाटच बदलते, ती अशी.

शिवाय दुखते तेथेच दुखण्याचे मूळ असते, असेही नाही. खुब्याच्या सांध्याचा बिघाड कित्येकदा गुडघ्यात जाणवतो. पित्ताशयाची वेदना उजव्या खांद्यावर आणि हृदयाची वेदना डाव्या खांद्यात, हातात वा जबड्यात उमटू शकते. खांद्याच्या दुखण्यासाठी आलेल्या गृहस्थास "जिना चढताना दुखते का? छातीत दाटल्यासारखे होते का?" असे आम्ही विचारतो, तेव्हा प्रश्न भलतीकडे चालला आहे, असे कृपया समजू नये.

दुसरी पायरी नुसते पाहण्याची. ही परीक्षा रोगी दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. तो कोणत्या पायावर कमी वेळ भार देतो, खुर्चीवरून उठताना हात टेकतो की नाही, वळताना किती पावले घेतो, हे सारे न विचारता कळते. वृद्धांसाठी एक सोपी परीक्षा आहे. खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जावे, वळून परत यावे आणि बसावे. यास बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे, असे समजून पुढील तपास करावा. ही परीक्षा आपण घरीही घेऊ शकाल; मात्र वृद्ध माणसाजवळ कोणीतरी उभे असावे.

तिसरी पायरी हाताने तपासण्याची व मोजण्याची. एक उदाहरण देतो. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, ही तक्रार मध्यम वयाच्या पुष्कळ भगिनी करतात. प्रथम त्यांस स्वतः हात उचलावयास सांगतो; मग त्यांनी हात सैल सोडावयाचा आणि आम्ही तो उचलून पाहावयाचा. स्वतः उचलता येत नाही, पण आम्ही उचलला तर जातो, असे असेल तर बहुधा दोष स्नायूत वा त्याच्या बंधात असतो. दोन्ही प्रकारांनी अडत असेल, विशेषतः कोपर कुशीला ठेवून हात बाहेर वळत नसेल, तर सांध्याचे आवरणच आखडले असण्याचा संभव असतो. यास फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि मधुमेही माणसांत तो अधिक आढळतो. म्हणून खांद्याच्या रोग्यास आम्ही साखर तपासली आहे का, असे विचारतो. दोन्ही रोग्यांची तक्रार शब्दशः एकच, परंतु व्यायाम निराळे. शेजारणीचा व्यायाम पाहून आपण तो करू नये, याचे कारण हेच.

सांध्याची हालचाल आम्ही कोनमापकाने अंशांत मोजतो. सपाट जमिनीवर चालण्यास गुडघा सुमारे ६० ते ६५ अंश वाकला तरी भागते. जिना उतरावयास ९० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. उकिडवे बसावयाचे तर १२० अंशांहून पुष्कळ अधिक. यास्तव "गुडघा बरा आहे" या वाक्यास आमच्या लेखी अर्थ नाही. कशासाठी बरा? ज्यांच्या घरी कमोड आहे आणि जेवण टेबलावर होते, त्यांचा गुडघा आणि गावच्या घरी पाटावर बसून देवपूजा करणाऱ्या आजोबांचा गुडघा यांची गरज एक नाही. म्हणून घराची रचना, जिन्याच्या पायऱ्या, पाण्याचा नळ किती दूर, हेही आम्ही विचारतो.

येथे छायाचित्रांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हल्ली रोगी खोलीत आल्याबरोबर मोठा लिफाफा पुढे करतो आणि "मणक्यात गॅप आला आहे" असे सांगतो. १९९४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कमरेचे एम.आर.आय. काढले असता त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी मणक्यांमधील चकती फुगलेली आढळली. याचा अर्थ छायाचित्र निरुपयोगी आहे असा नव्हे. त्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण असतेच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाय सरळ ठेवून उचलल्यावर कळ कोठवर जाते, अंगठा वर उचलण्याची शक्ती दोन्ही पायांत सारखी आहे का, स्पर्श कोठे कमी लागतो, हे पाहून छायाचित्राशी ताडून घ्यावे लागते. लिफाफा माणसाबरोबर तपासावयाचा असतो, माणसाऐवजी नव्हे.

तपासणीचा आणखी एक हेतू आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ज्यास आमचा उपचार नको, तर तातडीने डॉक्टर हवा, असा रोगी ओळखून काढणे, हे आमचे कर्तव्य होय. कंबरदुखीबरोबर लघवी वा शौचावरील ताबा गेला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो; तो रोग आपल्या देशातून गेलेला नाही. एकाच पोटरीस अचानक सूज व वेदना आली तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आणि तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे दिसताच भौतिकोपचाराची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे; गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आमची पाळी त्यानंतरची.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही सर्व परीक्षा रोग्याच्या खऱ्या बोलण्यावर उभी आहे, आणि ते बोलणे दोन कारणांनी आमच्यापर्यंत पोहोचत नाही. पहिले कारण प्रेम व दुसरे लज्जा.

प्रेमाची गोष्ट प्रथम सांगतो. एक आजी पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या. सोबत मुलगा, सून व नातू. आम्ही आजींना प्रश्न विचारावा आणि उत्तर मुलाने द्यावे, असे चालले होते. "आईला आम्ही काही करू देत नाही, पाणीसुद्धा हातात देतो," असे मुलाने मोठ्या समाधानाने सांगितले. त्या सद्गृहस्थांच्या मातृभक्तीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि न वापरलेला स्नायू झपाट्याने क्षीण होतो, आणि म्हातारपणी गेलेली शक्ती परत मिळविणे फार कष्टाचे असते. आम्ही सर्वांस नम्रपणे थांबवून आजींनाच विचारले, "आजी, तुम्हांला काय करता यावेसे वाटते?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्री कोणाला न उठवता मला एकटीने संडासाला जाता आले पाहिजे. रोज सुनेची झोप मोडते, म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही."

घरातील कोणासही हे ठाऊक नव्हते. या एका उत्तराने आमचा सारा उपचार ठरला. पलंगावरून उठण्याची शक्ती, वॉकर घेऊन तेवढे अंतर चालणे, अंधारात वळणे, वाटेत एक दिवा आणि संडासात धरावयास एक दांडी, एवढेच साध्य. व्यायाम कोणते व किती, हे त्यावरून निघाले. घरच्यांनी हातात पाणी देण्याऐवजी बाजूला उभे राहून धीर द्यावयाचा, हे त्यांचे काम ठरले. काही आठवड्यांनी आजी रात्री एकट्या जाऊन येऊ लागल्या आणि संध्याकाळी पाणीही पिऊ लागल्या. यात यंत्राचा भाग कितीसा होता?

आता लज्जेची गोष्ट. ती या सभेत बोलणे किंचित अवघड आहे. परंतु कुटुंबातील माणसांपुढे नाही बोलावयाचे तर कोठे बोलावयाचे? बाळंतपणानंतर वा उतारवयात खोकताना, हसताना, वजन उचलताना लघवी सुटण्याचा त्रास पुष्कळ स्त्रियांस असतो. कंबर दुखते म्हणून यजमानांसह आलेली भगिनी हे त्यांच्यादेखत बोलत नाही. एकांतात विचारल्यावर कळते, की गेली कित्येक वर्षे तिने लग्नाकार्याला जाणे सोडले आहे, आणि घरचे समजतात की तिचा स्वभाव एकलकोंडा झाला. या त्रासावर ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे नेमके व्यायाम आहेत. ते नीट शिकून निदान तीन महिने केले असता पुष्कळ जणींस आराम पडतो. आजच्या या मेळाव्यासही काही भगिनी याच कारणाने आल्या नसतील, असे आम्हांस वाटते. त्यांना हा निरोप आपण पोहोचवावा.

दुसरे असेच झाकून ठेवलेले दुखणे म्हणजे वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पाठीचा कणा एका बाजूस वळणे. मुलीचा एक खांदा वर दिसतो, झंपर एका बाजूस चढतो. आईच्या ते लक्षात येते, पण "कोठे बोलू नका, पुढे स्थळे यावयाची आहेत," असे म्हणून विषय मिटविला जातो. ज्ञातीत सर्वजण एकमेकांस ओळखतात, ही आपली मोठी शक्ती आहे. परंतु तिची ही दुसरी बाजूही आपण ओळखली पाहिजे. कण्याचा हा बाक मुलाच्या झपाट्याने वाढण्याच्या वर्षांतच वेगाने वाढतो, आणि बाक मध्यम असेल तर पट्टा वापरून तो रोखता येतो तोही वाढ चालू असेपर्यंतच. म्हणजे ज्या चार-पाच वर्षांत आपण गुप्तता पाळतो, नेमकी तीच वर्षे उपायाची असतात. परीक्षा सोपी आहे. मुलाने पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही हात जोडून पुढे वाकावे. मागून पाहता पाठीची एक बाजू दुसरीहून उंच दिसली तर डॉक्टरांस दाखवावे. बहुतेकांत बाक अल्प असतो आणि काही काळ नजर ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. परंतु तो अल्प आहे हेसुद्धा तपासल्यावाचून कसे कळणार? आणि तपासणीत कळलेली गोष्ट बाहेर जाऊ न देणे, हा आमच्या व्यवसायाचा धर्म आहे, याविषयी आपण निश्चिंत असावे.

शेवटी, तपासणीस येताना काय करावे, हे थोडक्यात सांगतो. चालू औषधांची यादी, जुने कागद, नेहमीच्या चपला आणि काठी वापरत असल्यास ती काठी बरोबर आणावी. गुडघा वा खांदा उघडा करून पाहता येईल असे सैल कपडे घालावेत. सोबत एकच माणूस यावे, आणि ते घरी व्यायाम करवून घेणारे असावे. "आता वय झाले, चालायचेच," हे वाक्य घरी ठेवून यावे. वय हे कोणत्याही व्याधीचे निदान नव्हे. पहिल्या दिवशीची मापे लिहून मागावीत आणि दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा घेतली जातात की नाही ते पाहावे. मापांत फरक नसेल तर उपचार बदलला पाहिजे, असे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. जो तपासणीवाचून थेट यंत्राखाली झोपवितो, त्याच्याकडे पुन्हा जाण्यापूर्वी विचार करावा. आणि सर्वांत मुख्य गोष्ट, प्रश्न ज्याला विचारला त्यालाच उत्तर देऊ द्यावे. तो अडखळला तर थांबावे. त्यास शब्द सापडेपर्यंत धीर धरावा. पक्षाघातामुळे ज्याची वाचा मंदावली आहे, त्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे.

आपण आपल्या वडीलधाऱ्यांची सेवा करण्यात कमी पडतो, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ती सेवा करताना त्यांच्या वतीने बोलण्याचे कामही आपण आपल्याकडे घेतो, एवढे मात्र लक्षात घ्यावे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील ज्येष्ठांस, आणि घरातील स्त्रियांस एकांतात, एवढेच विचारावे, की पूर्वी करता येत होते आणि आता करता येत नाही, असे काय आहे? उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नये. त्या उत्तरात कदाचित आमच्याकडे येण्याचे कारण सापडेल, कदाचित नुसता एक दिवा लावण्याचे. दोन्हींपैकी काहीही सापडले तरी आजचे हे भाषण सार्थकी लागले, असे आम्ही समजू.